शिक्षकाने शाळेबाहेर पडायचेच नाही का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका पालकांचे पत्र वाचले. शिक्षकांनी गावच्या भानगडीत पडू नये, सभा-समित्यांचा नाद सोडावा, पहिली घंटा झाली की वर्गात आणि शेवटची झाली की घरी, असा त्याचा सूर होता. त्यांची चीड मला समजते. लेकराच्या वर्गाला महिनोन्‌महिने मास्तरच नसेल तर कोणाचेही डोके फिरेल. पण मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रात, तेही १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तोंडावर असताना, हे म्हणणे बिनउत्तर राहावे हे मला पटेना. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. म्हणून हे लिहिते आहे.

मुक्तिसंग्राम दिनाला ध्वजवंदन होते, स्मारकावर पुष्पचक्र वाहतात, भाषणात निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव हमखास येते. भाषणातले स्वामीजी मात्र थेट १९३८च्या सत्याग्रहात प्रकट होतात. त्याआधी कितीतरी वर्षे ते शाळेत शिकवत होते, हे समोर उन्हात बसलेल्या मुलांना कोणी सांगत नाही. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. १९२०ला टिळक गेले तेव्हा ऐन तरुण वयात त्यांनी आजन्म देशसेवेची शपथ घेतली. ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केले आणि मग निजामाच्या मुलखात आले ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला. हे हिप्परगा आज लोहारा तालुक्यात आहे, आमच्या गावापासून फार लांब नाही. तिथे असतानाच १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. संन्यास घेतलेला माणूस शाळा सोडून जातो, असा आपला समज. स्वामीजी भगव्या वस्त्रांत शिकवत राहिले, आणि १९३५च्या सुमारास अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. तेव्हाचे मोमिनाबाद ते.

त्या काळी शाळा चालवणे म्हणजे काय होते, हेही सांगायला हवे. सरकारी शाळांत उर्दूचे राज्य. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी, खासगी शाळा काढायची तरी परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’, म्हणजे सभांवर बंधन घालणारा निजामाचा हुकूम, हे शब्द माझ्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. अशा राज्यात पोरांना मराठीतून शिकवायचे, त्यांना देश म्हणजे काय ते कळू द्यायचे, हेच मोठे लोककार्य होते. शाळेचे काम आणि समाजाचे काम यांत भिंत घालायला जागाच नव्हती. १९३७ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचे, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या मराठी लोकांच्या संघटनेचे, पहिले अधिवेशन झाले आणि परिषदेच्या कामात स्वामीजी ओढले गेले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली, सत्याग्रह झाला, तुरुंग झाला. हा पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते १९४८नंतरचे. हैदराबाद मुक्त झाले, लढ्याचा नेता म्हणून देशभर नाव झाले, १९५२ आणि १९५७ला ते लोकसभेवर निवडून गेले. त्याच काळात, १९५०मध्ये, नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि पीपल्स कॉलेज निघाले. स्वामीजी परत शिक्षणाकडेच वळले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेही १९५०चेच. मराठवाड्याला त्या दशकात सगळ्यात आधी काय हवे होते, हे या दोघांनी आपापल्या वाटेने ओळखले होते. गोविंदभाई श्रॉफही आधी औरंगाबादच्या सरकारी शाळेत गणित शिकवणारे. नोकरी सोडून लढ्यात पडले, आणि पुढे मराठवाड्याच्या रेल्वेपासून विकासाच्या अनुशेषापर्यंत प्रत्येक प्रश्नावर म्हातारपणीसुद्धा उभे राहिले. विचारवंत नरहर कुरुंदकर शाळामास्तर होते, मग पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. गावोगाव त्यांच्या व्याख्यानांना लोक बैलगाड्या जुंपून येत, असे माझे वडील सांगत. पालक महोदयांचा नियम लावला तर या सगळ्यांनी आपला तास घेऊन घरी जायला हवे होते.

ही मोठी माणसे झाली. पण मला खरे सांगायचे आहे ते आमच्या गुरुजींबद्दल, ज्यांचे नाव कुठल्या पाटीवर नाही. त्यांच्या घरच्यांना ते छापलेले आवडणार नाही, म्हणून मीही लिहीत नाही. औसा तालुक्यात तेरणेच्या अंगाला आमचे गाव. गुरुजींचे थोरले चुलते हिप्परग्याच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे त्या घरात खादी आणि पुस्तके दोन्ही होती. गुरुजी आमच्याच शाळेत लागले आणि बदल्यांची काही वर्षे सोडली तर आमच्याच शाळेतून निवृत्त झाले.

१९७२च्या दुष्काळात मी पाचवीत होते. अर्धी शाळा आई-बापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेलेली. माणसे माती उपसत, बाया पाट्या टाकत, पोरे सुकडीच्या आशेने बांधावर बसलेली. गुरुजींनी फळा सायकलला बांधला आणि कामावरच आणला. लिंबाच्या सावलीत वर्ग भरायचा. दुपारी मजुरी वाटताना मुकादम आकडा सांगे आणि अंगठा घेई. गुरुजी आम्हा मुलांना म्हणत, जा, आपापल्या आईच्या हजेरीचा हिशेब पाटीवर करून आणा. गुणाकार आम्ही असे शिकलो. त्यानंतर आठवड्याच्या हिशेबात खाडे कमी निघू लागले, एवढे मला चांगले आठवते.

सातवीनंतर मुलींची शाळा संपायची. हायस्कूल औशाला, आणि गावात येणारी एसटी निघायची ती शाळा भरून गेल्यावर. गुरुजींनी मुक्कामी गाडीची मागणी लावून धरली. डेपोने कळवले की चालक-वाहकाच्या झोपण्याजेवण्याची सोय नाही. तेव्हा गुरुजींनी शाळेच्या पडवीत दोन बाजा टाकल्या, ताटाची पाळी घरोघरी लावून दिली, कोणत्या वारी कोणाकडे भाकरी ते खडूने भिंतीवर लिहिले, आणि त्याचाच कागद करून सरपंचांच्या सहीने डेपोत नेऊन दिला. गाडी सुरू झाली. संध्याकाळी यायची, रात्री वस्तीला राहायची, पहाटे सुटायची. त्या गाडीने मी औशाला गेले, माझ्या मागच्या मुली गेल्या. मुलींना मोफत पास मिळायला लागला तो खूप नंतर. पास असून उपयोग काय, गाडीच नसेल तर? मी डी.एड. होऊन मास्तरीण झाले त्याचे मूळ त्या दोन बाजांत आहे, असे मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगत आले.

निवृत्तीनंतर लोकांनी गुरुजींना सरपंच केले. आणि ते सरपंच असतानाच ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, गाव उशिरा झोपलेले. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झाले त्याचे वर्णन मी करणार नाही. भूकंप झाला त्या किल्लारीच्या परिसरातल्या कोणालाही ते सांगावे लागत नाही. दगड-मातीच्या भिंती होत्या, त्या झोपलेल्या माणसांवर आल्या.

काही दिवसांनी मदतीचे कागद सुरू झाले. कोण गेले, वय काय, वारस कोण. चावडीतले दप्तर ढिगाऱ्यात गेलेले, घराघरांतल्या शिधापत्रिका गेलेल्या. गुरुजींनी शाळेच्या पडक्या खोलीतून लोखंडी कपाट काढायला लावले. ते चेपले होते, पहारीने दार उघडले. आत दाखल-खारीजची रजिस्टरे होती, कडा भिजलेल्या, पण अक्षर शाबूत. तीस-पस्तीस वर्षांत जो जो शाळेत आला त्याचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, बहुतेक गुरुजींच्याच बोरूच्या वळणाचे. पत्र्याच्या शेडमध्ये कंदिलाजवळ बसून आम्ही दोघे-तिघे शिक्षक त्यावरून याद्या करत होतो. त्या रजिस्टरात आईच्या नावाला रकाना नव्हता. आणि नेमका प्रश्न तिथेच अडायचा, कारण कित्येक घरांत बापही गेला होता आणि मागे राहिलेली पोर कोणाची, हे कागदावर ठरत नव्हते. गुरुजी डोळे मिटून बसत आणि सांगत : याची आई अमक्या गावची, माहेरचे आडनाव हे, मामा तमक्या ठिकाणी आहे. आम्ही लिहीत जायचो. त्या याद्या ग्रामसभेपुढे वाचून दाखवल्या आणि मगच पुढे पाठवल्या. नंतर पुनर्वसनाच्या गावात घरे वाटताना जी भांडणे इतरत्र झाली, ती आमच्याकडे फार कमी झाली. मला विचाराल तर त्याचे श्रेय त्या रजिस्टरांना आणि ती नीट ठेवणाऱ्या माणसाला आहे.

गुरुजींचे स्वतःचे दोन नातू त्या पहाटे गेले होते. ती नावेही त्यांनी यादीत आपल्या हाताने, क्रमाने जिथे येत होती तिथेच लिहिली.

आता पालक महोदयांच्या पत्रातल्या रास्त भागाकडे येते. शिक्षकाला आज वर्गातून उठवले जाते हे खरे आहे, आणि ते थांबलेच पाहिजे. रोज नवी माहिती भरा, नवे अॅप उघडा, फोटो टाका, सर्वेक्षण करा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात असे सांगितले आहे. कायदा स्पष्ट असून बाकीची कामे येतातच. पण वरून लादलेले काम आणि गावाची गरज पाहून शिक्षकाने आपणहून अंगावर घेतलेले काम, ही दोन एका मापाने मोजू नयेत. पहिल्याने शिक्षक कारकून होतो. दुसऱ्याने गावाला आपला माणूस मिळतो. सभागृहात शिक्षकांचा आवाज असावा म्हणून राज्यघटनेने विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ ठेवले, ते उगाच नाही. तिथे प्राथमिक शिक्षकाला मत नाही, ही माझी जुनी खंत आहे. वाडी-तांड्यावर जाणारा शिक्षक बहुधा तोच असतो.

आणि शिक्षकाने मुख्यालयी राहावे म्हणून ग्रामसभेचे ठराव मागतात, त्याबद्दलही एक सांगते. गुरुजी गावात राहिले म्हणून हे सगळे करू शकले, यात शंका नाही. रोज चाळीस किलोमीटरवरून मोटारसायकलने येणाऱ्याला मुक्कामी गाडीची गरज कशी कळणार? पण नुसत्या ठरावाने कोणी राहत नाही. राहायला घर द्या, नळाला पाणी द्या, शिक्षिका असेल तर तिच्या सुरक्षेचे पाहा, रिक्त जागा भरा म्हणजे एकाला चार वर्ग सांभाळावे लागणार नाहीत. तरुण शिक्षक वाईट नाहीत. मी माझ्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याबरोबर काम केले आहे, रात्री मुलांची अभ्यासिका घेणारे त्यांच्यात होते.

आपल्याकडे माझे दोन आग्रह आहेत. येत्या १७ सप्टेंबरच्या अंकात स्वामीजींच्या हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळेतल्या वर्षांवर सविस्तर लिहून घ्या. अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे त्यावर अभ्यास केलेली मंडळी आहेत. आणि दुसरे, प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीजची जी रजिस्टरे वाळवी खात पडली आहेत, त्यांचे काय होते आहे, याचा शोध आपल्या तालुका वार्ताहरांकडून घ्या. आमच्या गावची रजिस्टरे नव्या शाळेत कपाटात आहेत, मी गेल्याच महिन्यात जाऊन पाहिली. शेजारच्या दोन शाळांत ती सापडली नाहीत.

कळावे,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
ता. औसा, जि. लातूर