सुध्या, लॉगिंगचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते सांगतो

सांगली, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो, नीट बोलताच आलं नाही, आणि हा लॉगिंगचा, म्हणजे झालेले संपर्क नोंदवायचा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही म्हणून लिहायला बसलोय. इतक्या वर्षांनी तू परत हॅम रेडिओचा डायपोल अँटेना वर चढवलास आणि नोव्हेंबरच्या सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यूला, म्हणजे मोर्सवरच्या जागतिक कॉन्टेस्टला बसतोयस, ऐकून खरंच भरून आलं रे.

आठवतं ना, तू मोर्स पाठवायच्या पॅडलवर आणि मी शेजारी वही घेऊन, आधी झालेलं स्टेशन परत आलं की तुझ्या दंडाला चिमटा. माझं ते काम आता सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे कुठलं घ्यायचं हे फीचर्स मोजून ठरवू नकोस, पहाटे तीनला डोळे मिटत असताना बोटं आपोआप कशावर चालतील ते बघ.

माझं मत सरळ आहे, एनवनएमएम लॉगर प्लस घे. फुकट आहे, आणि वापरणारे इतके आहेत की अडलास तर कुणीतरी सांगतंच. फक्त विंडोजवर चालतं, म्हणून लेकीचा लॅपटॉप मागून घे. तुझ्या लिनक्सवरच करायचं असेल तर टीएलएफ आहे, नुसतं टेक्स्ट, पण सीडब्ल्यूला छान. विन-टेस्ट विकत घ्यावं लागतं, चार-पाच ऑपरेटर नेटवर्कवर बसणार असतील तर लोक ते आवडीने घेतात, तू एकटा आहेस, सोड.

एनवनएमएममध्ये खरी मजा एंटर की ची. त्याला ईएसएम (एंटर सेंड्स मेसेज) म्हणतात, पहिल्याच दिवशी चालू कर. एंटर मारला की सीक्यू, म्हणजे सगळ्यांना घातलेली हाक जाते, कुणी हाक दिली की त्याचा कॉलसाइन टाइप करून परत एंटर, की त्याचा कॉल आणि ५९९ २२ (सिग्नलचा रिपोर्ट आणि आपला झोन) आपोआप जातं, त्याचा झोन घेऊन तिसरा एंटर, थँक्यू जातं आणि क्यूएसओ, म्हणजे तो संपर्क, लॉग होतो. हात कीबोर्डवरून उचलायचाच नाही. कॉल टाइप करतानाच रंग दिसतो, निळा म्हणजे नवीन, लाल म्हणजे मल्टिप्लायर (नवा देश किंवा झोन, ज्याने गुणांचा गुणाकार वाढतो), राखाडी म्हणजे ड्युप, आधीच झालेलं स्टेशन (हाच माझा चिमटा!). पण झोनच्या रकान्यात ते देशावरून अंदाजाने आकडा भरून ठेवतं, त्यावर विसंबू नकोस. एकट्या अमेरिकेत ३, ४, ५ असे तीन झोन आहेत, कानाने ऐकलेलंच लिही, चुकलास तर तो क्यूएसओ हातचा जातो. आणि क्लस्टर बंद ठेव, कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते सांगणारे इंटरनेटवरचे स्पॉट घेतलेस की तू असिस्टेड (मदत घेणाऱ्यांच्या) कॅटेगरीत जातोस.

मोर्स पाठवायला विनकीयर घे, लॅपटॉप आणि रेडिओच्या मधे लावायची डबी, त्याची स्वतःची चिप असते, त्यामुळे लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला तरी डिट (मोर्सचे ठिपके) तुटत नाहीत.

आता माझी एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. एकदा कॉन्टेस्टच्या दोन दिवस आधी मी लॅपटॉप फॉरमॅट केला. घड्याळ आपल्या वेळेवर लावलं पण टाइमझोन तसाच यूटीसीवर (लॉग ज्यात ठेवतात ती जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिला, म्हणजे लॉगला आपली वेळच यूटीसी वाटली. कॉन्टेस्ट आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि मी चाळीस-पंचेचाळीस क्यूएसओ केल्यावर सहज कोपऱ्यात बघितलं तर लॉगमध्ये सकाळचे सात! तिथे दीड वाजलेला दिसायला हवा होता. पोटात गोळा आला. चालू पाइलअप (एकदम हाक देणाऱ्यांची गर्दी) सोडून सगळ्या वेळा साडेपाच तास मागे घेत बसलो, त्यात चाळीस मीटर बँडवर लांबची स्टेशनं ऐकू येतात ती सकाळची वेळ निघून गेली. तशाच वेळांनी लॉग पाठवला असता तर समोरच्यांच्या लॉगशी जुळवताना घोळ झाला असता, कारण चेकिंग कॉम्प्युटरच करतो. त्या दिवसापासून मी टाइमझोन आधी बघतो, मग रेडिओ चालू करतो.

म्हणून आत्ताच इन्स्टॉल कर, आदल्या आठवड्यात नाही. रोज अर्धा तास मॉर्स रनर या सरावाच्या सॉफ्टवेअरवर हात चालव, तेही फुकट आहे, अगदी खऱ्यासारखा पाइलअप देतं. आणि दर बुधवारी आपल्या संध्याकाळी साडेसहाला सीडब्ल्यूटी असते, सीडब्ल्यूऑप्स क्लबची तासाभराची छोटी कॉन्टेस्ट, नाव आणि मेंबर नंबर द्यायचा, मेंबर नसलास तर नंबराऐवजी व्हीयू, म्हणजे भारताचा प्रीफिक्स. दोन-तीन बुधवार बस, एंटर कधी दाबायचा हे विचारावं लागणार नाही.

नोव्हेंबरची कॉन्टेस्ट संपल्यावर कॅब्रिलो (लॉग पाठवायच्या ठरलेल्या नमुन्यातली) फाइल काढून पाच दिवसांच्या आत अपलोड करायची, ड्युप काढत बसू नकोस, त्याचा दंड नसतो.

पुढच्या बुधवारी पाचच्या सुमारास येतो, माझा जुना विनकीयर घेऊन. पोर्ट वगैरे आपण मिळून लावू आणि साडेसहाला तू पॅडलवर बस, मी शेजारी असेनच. जुनी वही पण सापडलीय, आणतो.

७३ (शुभेच्छा),
तुझा बाळ्या