कार्ड मिळालं, पावती कुठाय?

महोदय,

कालच्या अंकात पान तीनवर आयुष्मान कार्ड वाटपाचा फोटो पाहिला. व्यासपीठावर डझनभर मान्यवर, कार्ड घेणारी म्हातारी एक, आणि तिचाही चेहरा एका मान्यवरांच्या कोपराआड गेलेला. खाली बातमी, की आता गोरगरिबांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांना एक पैसाही पडणार नाही. ही माहिती तुमच्या वार्ताहराला व्यासपीठावरून मिळाली की रुग्णालयाच्या काउंटरवरून, तेवढं कळलं तर बरं होईल. काउंटरवर मी उभा राहिलेलो आहे, म्हणून विचारतो.

मी या मोफत उपचारांच्या योजनेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्यावरच पत्र लिहील. मुळात ही राज्याची योजना, केंद्राचं आयुष्मान तिला नंतर जोडलं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपली सांगली नव्हती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात आपला नंबर लागला. २०१७ ला महात्मा फुल्यांचं नाव आलं. तेव्हा दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं. पूर्वी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं, जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं पांढऱ्यालाही आत घेतलं. आमच्या गावात या योजनेतून बायपास झालेले दोघे-तिघे आज पारावर बसून पत्ते खेळतात. ते नाकारण्याचं पाप माझ्याकडून होणार नाही. माझं भांडण आहे ते रात्रीच्या काउंटरशी.

आमचे दाजी द्राक्षबागेत छाटणीच्या टोळीत असतात. आक्का बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. गेल्या पावसाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर दाजींच्या छातीत कळ आली, घामानं सदरा भिजला. तालुक्याला ईसीजी काढून डॉक्टरांनी लगेच सांगलीला हलवायला सांगितलं. १०८ वेळेवर आली, ड्रायव्हरनं गाडी चांगली काढली. ज्या खासगी रुग्णालयात नेलं ते योजनेतलं, दारात तसा भलामोठा बोर्ड. आक्कानं कॅरीबॅगेत गुंडाळलेलं केशरी रेशनकार्ड आणि दाजींचं आधार काउंटरवर ठेवलं. आतल्या पोरानं ते उघडूनसुद्धा बघितलं नाही. योजनेचं काम सकाळी दहानंतर, आत्ता अँजिओग्राफी आणि डिपॉझिट मिळून तीस हजार भरा, एवढंच बोलला.

आता नियम काय आहे? तातडीचा रुग्ण असेल तर कागदासाठी अडवायचं नाही, फोनवरून कळवून मंजुरी घ्यायची, कागदपत्रं मागाहून द्यायची. ही सोय योजनेतच आहे, कुणी उपकार करत नाही. पण ती बोर्डावर कुठं लिहिलेली नव्हती. नेत्यांच्या फोटोंतून जागा उरली नसावी.

रात्री साडेअकराला तीस हजार कुठून आणायचे? भाच्यानं बागायतदाराला झोपेतून उठवलं. माणूस भला, त्यानं लगेच मोबाइलवरून पैसे टाकले, पण उचल म्हणून टाकले, ऑक्टोबर छाटणीत फेडायच्या बोलीवर. इकडे काउंटरवर म्हणे स्कॅनर बंद आहे, रोखच द्या. भाचा एटीएमकडे पळाला. कार्डावर जेवढे निघाले तेवढे काढले, उरलेल्यासाठी बाहेर बाकड्यावर झोपलेल्या दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाला उठवून त्याला फोनवरून पैसे पाठवले आणि त्याच्याकडची रोकड घेतली. एवढी यातायात करून हातात काय आलं? वहीचं पान फाडून केलेलं चिटोरं. त्यावर दाजींचं नाव, आकडा आणि कुणाची तरी अर्धी सही. छापील नंबर नाही की शिक्का नाही.

सकाळी योजनेत नोंद झाली, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली. दाजी वाचले. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. रात्रीच्या पैशांचं काउंटरवर विचारलं, तर म्हणे ते योजनेच्या आधीच्या तपासण्यांचे. शिवाय योजनेतला स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायची जाळी, साधा असतो, तुम्हाला भारीतला टाकलाय, त्याचे वरचे बारा हजार. स्टेंटच्या किमतींना केंद्र सरकारनं २०१७ सालीच चाप लावलेला आहे आणि योजनेच्या पॅकेजात स्टेंट, औषधं, तपासण्या, भूल, खाट, रुग्णाचं जेवण सगळं धरलेलं असतं. मग हा भारीतला कुणी मागितला होता? दाजी तर तेव्हा शुद्धीवर असून नसल्यासारखे होते आणि आक्का दाराबाहेर.

डिस्चार्जच्या दिवशीची गंमत ऐका. दाजींपुढे फॉर्म आले. उपचार योजनेतून झाले, रुग्णालयानं माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही, मी समाधानी आहे. सही इथं, इथं आणि इथं. मग कॉटवर ताठ बसवून मोबाइलवर फोटो. दाजी त्यात छान हसलेत, फोटो म्हटला की ते हसतात. शेवटची सही कशाची म्हणून मी चष्मा लावून वाचलं, तर प्रवासखर्च मिळाल्याची! रुग्णाला रुग्णालयातून घरी जायला एसटीचं भाडं द्यायचं, अशी तरतूद या योजनेत आहे. माझी उभी हयात एसटीत तिकिटं फाडण्यात गेली, त्यामुळे मला अंमळ भरूनच आलं. भाडं मागितलं तर काउंटरवरचा पोरगा हसायला लागला.

एसटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याच्या आधीच फुकट. गाडीत काय होतं? कंडक्टर मशीनवर बटण दाबतो आणि तिकीट हातात देतो. उरलेल्या पैशांचा हिशोब महामंडळ आणि सरकार आपापसात बघून घेतात. तो हिशोब थकतो आणि कामगारांचे पगार लांबतात, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी आजवर एकाही कंडक्टरनं बाईला सांगितलं नाही की आधी पूर्ण तिकीट काढा, सरकारचे आले की बघू. सांगितलं असतं तर बायकांनी त्याला गाडीतच चोपला असता. रुग्णालयवाले म्हणतात पॅकेजचे दर परवडत नाहीत, बिलं अडकून पडतात. तुमच्याच पानावर त्यांची पत्रं मी वाचलीत. खरंही असेल. मग मंत्रालयात जाऊन भांडा, नाहीच परवडलं तर बोर्ड उतरवा. बोर्ड लावून पेशंट आत घ्यायचा आणि थकबाकी आक्काच्या पिशवीतून वसूल करायची, हा कुठला न्याय?

रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करायला आरोग्यमित्र म्हणून एक मुलगी होती. जिन्याखाली टेबल, त्यावर संगणक. वागायला चांगली, धावपळ करणारी. पैशांचं सांगितल्यावर तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, काका, पक्की पावती मागा. मागितली. अकाउंटचे साहेब जेवायला गेले होते, ते काही परत आले नाहीत. तिच्यावर राग नाही माझा. दिवसभर ज्यांच्या छपराखाली बसायचं त्यांच्याविरुद्ध ती कंत्राटी पोर काय लिहिणार?

भाच्यानं योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, तक्रार केली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून नोंद घेतली. थोड्या दिवसांनी फोन आला तो रुग्णालयातूनच. पैसे भरल्याचा पुरावा काय? आणि तुमच्या वडिलांनीच लिहून दिलंय ना, एक पैसा घेतला नाही म्हणून? चिटोऱ्यावर रुग्णालयाचं नावच नाही, तर पुरावा कसला दाखवणार?

गोळ्यांचं तर बोलूच नका. डिस्चार्जनंतर दहा दिवसांच्या गोळ्या पॅकेजात मिळतात. स्टेंट टाकलेल्या माणसाच्या गोळ्या दहा दिवसांत संपत नाहीत, हे औषधाच्या दुकानातला पोरगाही सांगेल. मध्ये आक्कानं बेदाण्याच्या हजेरीतून भागवलं, मध्ये दाजींनी कुणाला न सांगता एकाआड एक दिवस घ्यायला सुरुवात केली. उघडकीला आलं तेव्हा आक्कानं दोघांनाही, म्हणजे त्यांना आणि मला, असं काही सुनावलं की ते इथं छापता येणार नाही.

ऑक्टोबर आला. दाजींना हात वर करून काम करायची मनाई, म्हणून त्यांच्या जागी टोळीत भाचा गेला. त्याची आयटीआय तेव्हा निम्म्यावर आली होती. हंगामभर छाटणी केली, हजेरी उचलीत वळती झाली. पाच लाखांचं विमा संरक्षण असलेल्या घरातली ही गोष्ट आहे. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड नव्हतं म्हणून काही अडलं नव्हतं, रेशनकार्ड चालतंच. वाटायचीच असेल तर त्या शिबिरात एक साधी चिठ्ठी वाटा: योजनेतल्या रुग्णालयात रात्री पैसे मागितले तर कुणाला फोन करायचा, आणि न वाचता कशावर सही करायची नाही. मान्यवरांनी ती व्यासपीठावरून एकदा मोठ्यानं वाचून दाखवली तर हारतुरे आम्हीच आणू.

आणि तुमच्या वार्ताहराला एकदा रात्री अकरानंतर केशरी रेशनकार्ड घेऊन कुठल्याही अशा बोर्डाखाली उभं करा. ओळखपत्र मात्र खिशातच ठेवायला सांगा. जे घडेल ते पान तीनवर छापा, फोटोसकट.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, ता. तासगाव
(नाव छापू नये. दाजींची तपासणी अजून त्याच रुग्णालयात असते.)

ता. क. : त्याच अंकाची पहिली दोन्ही पानं हृदयरोग केंद्राच्या जाहिरातीनं भरलेली होती. बातम्या शोधत तिसऱ्या पानापर्यंत जावं लागलं. पानं जाहिरातवाल्यांनी घेतली तर अंकाचे पैसेही त्यांच्याकडूनच घ्यावेत, आमच्याकडून का?