सांता क्लाराहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. बाबांचे पत्र मिळाले. त्यातील प्रश्नाचे उत्तर फोनवर घाईघाईत देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबांनी विचारले आहे की, संगणकाचा आणि माहितीचा कायदा शिकायला गेलेली मुलगी आठवड्यातल्या संध्याकाळी गरिबांच्या मोफत सल्ला केंद्रात का घालवते, आणि परत येऊन बेळगावच्या कोर्टातच उभे राहायचे असेल तर एवढे कर्ज कशासाठी काढले. घर तुम्ही तारण ठेवले आहे, तेव्हा हे विचारण्याचा अधिकार तुमचाच आहे.

आधी या संस्थेविषयी लिहिते. सांता क्लारा विद्यापीठ हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले खासगी विद्यापीठ आहे. जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मगुरूंनी ते 1851 मध्ये सुरू केले आणि कायद्याचे महाविद्यालय 1911 मध्ये निघाले. त्या वेळी हा सगळा प्रदेश फळबागांचा होता. आज इंटेल आणि एनव्हिडिया या कंपन्यांची मुख्यालये याच गावात आहेत, त्यामुळे पेटंट, सॉफ्टवेअर, गोपनीयता आणि इंटरनेट यांच्या कायद्याचा अभ्यास इथे आपसूक वाढला. त्यासाठी हाय टेक लॉ इन्स्टिट्यूट नावाचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु याच महाविद्यालयाचे एक सामुदायिक कायदा केंद्र शेजारच्या सान होजे शहरात आहे. मजुरी बुडालेले कामगार, सावकारीत किंवा खरेदीत फसलेले ग्राहक आणि परदेशातून आलेली कुटुंबे यांना तिथे वकिलांच्या देखरेखीखाली विद्यार्थी सल्ला देतात. निरपराध असूनही तुरुंगात गेलेल्या माणसांची प्रकरणे पुन्हा उघडणारा नॉर्दर्न कॅलिफोर्निया इनोसन्स प्रोजेक्टदेखील 2001 मध्ये याच महाविद्यालयात सुरू झाला. बाबांना ही दोन वेगळी कामे वाटतात. मी मात्र ती एकच समजते, आणि ते का, हे आपल्याच भागातील उदाहरणाने सांगते.

बेळगावात वकिली करत असताना खानापूर तालुक्यातील एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या होत्या. रेशन दुकानातील यंत्रावर त्यांचा अंगठा जुळत नव्हता. आयुष्यभर भातशेतीत राबून त्यांच्या बोटांचे ठसे झिजले होते. त्यातच त्यांचे नाव उताऱ्यावर एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले होते. आपल्याकडे हे घडते याला इतिहास आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत आणि त्याआधीचे मोडी लिपीत. त्यानंतरचे दप्तर कन्नडमध्ये. आणि कर्नाटकने भूमी प्रकल्पात सगळे उतारे संगणकावर चढवले तेही कन्नडमध्ये. एका भाषेतून दुसरीत आणि तिथून इंग्रजीत जाताना आडनावातील एखादे अक्षर बदलले, तर माणसाच्या ते लक्षातही येत नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दुसरीच व्यक्ती ठरते. त्या बाईंचा अर्ज कोणी फेटाळलाच नव्हता. फेटाळला असता तर अपील करता आले असते. प्रत्येक खिडकीवर त्यांना एवढेच सांगण्यात आले की सिस्टीम घेत नाही. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या नियमाखाली, कोणता निर्णय घेतला, हे कागदावर कुठेच नव्हते, आणि आदेशच नसेल तर दाद कशाविरुद्ध मागायची, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मी याचे उत्तर शिकले नव्हते. त्यासाठी मी इथे आले.

इथल्या वर्गात आम्ही मिशिगन राज्यातील एक प्रकरण अभ्यासले. तिथल्या सरकारने 2013 मध्ये बेकारी भत्त्याची तपासणी एका संगणक प्रणालीवर सोपवली आणि तिने पुढील दोन वर्षांत सुमारे 40,000 लोकांना फसवणूक करणारे ठरवले. त्यांतील बहुसंख्य निर्दोष होते. कित्येकांचे पगार आणि कराचे परतावे जप्त झाल्यावरच त्यांना आपल्यावर आरोप असल्याचे कळले. ते प्रकरण लढणाऱ्या वकिलांना कायदा तर माहीत असावाच लागला, पण ती प्रणाली कोणती माहिती कुठून उचलते आणि कोणत्या टप्प्यावर माणसाचे डोळे त्या निर्णयावरून फिरतात किंवा फिरत नाहीत, हेही त्यांना समजून घ्यावे लागले. ही विद्या फक्त कंपन्यांच्या वकिलांकडे राहिली, तर ज्याचे रेशन बंद झाले त्याची बाजू मांडायला कोणीच उरणार नाही. माझ्या अभ्यासाचा गाभा एवढाच आहे, बाबा.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा नऊ न्यायमूर्तींचा निकाल 24 ऑगस्ट 2017 रोजी आला, तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये दाखल केलेल्या याचिकेमुळे. बाबांना याचा अभिमान वाटेल म्हणून मुद्दाम लिहिले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या 12 व्या कलमाने स्वतःविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही दिला. परंतु ते कलम नीट वाचले तर तो हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरता बांधलेला दिसतो, आणि सरकारला लाभ देण्यासाठी माहिती वापरण्याची वाट 7 व्या कलमात वेगळी ठेवलेली आहे. म्हणजे ज्या बाईला दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज, तिलाच तो हक्क मिळेल की नाही, याविषयी वाद होऊ शकतो. तो वाद कोणीतरी न्यायालयात नेला पाहिजे. तसेच राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. कागदी अर्जाच्या काळात त्या हक्काला निदान टपाली शिक्का मिळत असे. ऑनलाइन अर्जात मराठीसाठी रकानाच नसेल तर तो हक्क बजावायचा कुठे? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण या प्रश्नांसाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. निपाणीच्या बिडी कामगार बायका आज ज्या राज्यात आहेत, त्याच राज्याकडून त्यांना आज पेन्शन मिळाली पाहिजे.

इथली एक पद्धत मला फार आवडली. तीन वर्षांचा जे. डी. हा इथला कायद्याचा पदवी अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी पहिले वर्ष संपल्यावर स्टेट बारकडे, म्हणजे वकिलांच्या राज्य संस्थेकडे, नोंदणी करून, वकिलाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडू शकतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी महाविद्यालयांना विधी सहाय्य केंद्र चालवणे बंधनकारक आहे, तरी विद्यार्थ्याला उभे राहण्याची मुभा नाही. पण नाव दुरुस्तीचा अर्ज लिहिणे, माहिती अधिकारात नोंदी मागवणे, तहसीलदार कचेरीत पक्षकाराबरोबर जाणे, यांसाठी सनद लागत नाही. बेळगावात राजा लखमगौडा विधी महाविद्यालय 1939 पासून आहे. तिथल्या मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणाऱ्या मुलामुलींना बरोबर घेऊन हे काम करता येईल, असे मला मनापासून वाटते.

आता कर्जाविषयी. इथल्या नागरिकांनी पदवीनंतर सार्वजनिक सेवेत राहून 120 हप्ते भरले, तर त्यांचे उरलेले सरकारी शैक्षणिक कर्ज 2007 च्या कायद्याने माफ होते. आपले कर्ज आपल्या बँकेचे आहे, त्याला ही सवलत नाही, हे मी विसरलेले नाही. माझ्या व्हिसावर पदवीनंतर 12 महिने इथे काम करण्याची परवानगी मागता येते. ते वर्ष मी एखाद्या कंपनीच्या गोपनीयता विभागात नोकरी शोधणार आहे आणि पगारातील जास्तीत जास्त रक्कम थेट कर्जखात्यात भरणार आहे. उरलेला भाग बेळगावातील वकिलीतून फेडावा लागेल. तो फेडायला वेळ लागेल, आणि त्या काळात घर तारणच राहील. आई, तुला याच गोष्टीची काळजी वाटते हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझी संमती असल्याशिवाय मी परतीचे ठरवणार नाही. तू नको म्हणालीस तर आणखी एक-दोन वर्षे बंगळूरला नोकरी करून आधी घर सोडवीन आणि मग बेळगावला येईन.

तुम्ही दोघे बोलून घ्या आणि काय ठरते ते रविवारी फोनवर सांगा. बाबांनी बँकेतून कर्जखात्याचा ताजा उतारा आणून ठेवावा, म्हणजे व्याजाचा आकडा समोर ठेवूनच आपल्याला बोलता येईल.

तुमची लेक