हकालपट्टीचे कौतुक, खर्च आमचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील 'उशिरा का होईना' हा अग्रलेख वाचला. सेटवरच्या एका मुलीने ज्याच्याविरुद्ध छळाची तक्रार केली त्या नटाला मालिकेतून काढल्याबद्दल आपण वाहिनीची पाठ थोपटली आहे. 'धाडसी', 'स्वागतार्ह' आणि 'नैतिक' ही तिन्ही विशेषणे एकाच परिच्छेदात आली. नटाची बाजू मी घेत नाही. त्याने केले म्हणतात ते केले असेल, तर पोलीस आणि कोर्ट बघून घेतील. माझी हरकत आहे ती पाठ थोपटण्याला. असेच एक नैतिक पाऊल काही वर्षांपूर्वी माझ्या दुकानावरून गेले आणि त्याचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.

मी मानेवाडा रोडवर कूलर विकतो. पत्र्याचे, वाळ्याच्या ताट्यांचे कूलर वडिलांच्या काळापासून विकतो. त्यांना कुठल्या हिरोची गरज कधी पडली नाही. पुढे एका कंपनीच्या प्लॅस्टिक कूलरची एजन्सी घेतली. कंपनीने त्या वर्षी एका मालिकेतला आदर्श नवरा जाहिरातीला घेतला होता. खोक्यावर तोच, वॉरंटी कार्डावर तोच, आणि दुकानावरच्या वीस फुटी फ्लेक्सवरही तोच, कूलरच्या झोतात केस उडवत. फ्लेक्स आम्ही आमच्या पैशाने लावायचा आणि अर्धा खर्च सीझन संपल्यावर क्रेडिट नोटने परत मिळणार, असे ठरले होते.

ऐन एप्रिलमध्ये आदर्श नवऱ्याचे घरातले प्रकरण बाहेर आले. पहिले काही दिवस वाहिनी गप्प होती, मालिका चालूच होती आणि आमच्या गल्लीत ती पूर्वी न बघणारी माणसेही बघू लागली. मग प्रायोजक कुरकुरले असे छापून आले, आणि त्यानंतर वाहिनीला मूल्ये आठवली. त्याच रात्री कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा मला फोन आला, "काका, उद्या दुकान उघडायच्या आत चेहरा दिसला नाही पाहिजे. वरून ऑर्डर आहे."

फ्लेक्सवाल्याकडे लग्नसराईची आणि नेत्यांच्या वाढदिवसांची रांग. तो म्हणाला, चार दिवस लागतील. शेवटी पोऱ्याला शिडीवर चढवले आणि खळ लावून वर्तमानपत्र चिकटवले. आपलेच होते, रविवारची पुरवणी. खाली हात, पाय, टाय सगळे शाबूत आणि धडावर 'या आठवड्याचे राशिभविष्य'. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काहून झाकलं जी त्याले? ऊन लागते काय?"

हसण्यापुरते ठीक होते. खरा त्रास खोक्यांचा झाला. गोदामात माल भरून ठेवलेला, आणि प्रत्येक खोक्यावर चारी बाजूंनी तेच तोंड. वरून चिकटवायला स्टिकर पाठवतो म्हणाले, ते नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपल्यावर पोचले. एक बाई मुलीच्या लग्नात द्यायला कूलर घेत होत्या. पैसे मोजता मोजता त्यांचे खोक्याकडे लक्ष गेले. म्हणाल्या, "या माणसाचं तोंड मांडवात नको." त्यांचे काही चुकले नाही. खोके काढून नुसता कूलर हातगाडीवर पाठवला, तर वाटेत एक कोपरा चेपला. तो बदलून दिला, आणि चेपलेला शेवटी घाट्यात विकला. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तर सरळ भाव पाडला, "बदनाम मॉडेल आहे, दोनशे कमी करा." कूलरची मोटर बदनाम झाली नव्हती हो!

सीझन संपल्यावर क्रेडिट नोट मागितली, तर उत्तर आले की ते कॅम्पेन रद्द झाले, त्यामुळे स्कीम लागू नाही. मी म्हटले, रद्द तुम्ही केले. ते म्हणाले, हो, म्हणूनच लागू नाही. यावर काय बोलणार?

पुढचे ऐका. दोन उन्हाळे गेले आणि तोच गृहस्थ एका नाचाच्या कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीवर दिसला. टाळ्या, डोळ्यांत पाणी, 'मी खूप शिकलो' वगैरे. महिनाभरात कंपनीचा टेम्पो आला, त्यात पुठ्ठ्याचा पुरुषभर उंच तोच माणूस, दुकानाबाहेर उभा करायला. मी सेल्स ऑफिसरला विचारले, आता कसा चालतो? तो अगदी सरळपणे म्हणाला, "काका, त्याचं मार्केट परत आलं." संपादक महोदय, आपल्या अख्ख्या अग्रलेखापेक्षा मला तो पोरगा प्रामाणिक वाटला.

पावसाळ्यात कूलरवाल्याला वाचायला वेळच वेळ असतो, म्हणून मी अशा हकालपट्ट्यांच्या तारखा बघत असतो. अमेरिकेतल्या 'टू अँड अ हाफ मेन' या विनोदी मालिकेतला नट चार्ली शीन याचेच बघा. 2009 च्या नाताळच्या दिवशी बायकोला मारहाण केल्यावरून त्याला अटक झाली. त्यानंतर 2010 मध्ये त्याचा करार वाढला, एका भागाचे सुमारे 18 लाख डॉलर, असे आकडे तेव्हा छापून आले. 2011 च्या फेब्रुवारीत त्याने रेडिओवरून मालिकेच्या निर्मात्याला वाट्टेल ते ऐकवले, चित्रीकरण बंद पडले, आणि मार्चमध्ये त्याला काढले. बायकोवर हात उचलला तेव्हा पगारवाढ, मालकाला बोलला तेव्हा घरचा रस्ता. फॉक्स न्यूज या अमेरिकी वाहिनीचा सूत्रसंचालक बिल ओ'रायली याच्यावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारी मिटवायला सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर दिले गेल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल 2017 मध्ये दिली. पन्नासहून अधिक जाहिरातदारांनी त्याच्या कार्यक्रमातून पाय काढला आणि त्याच महिन्यात तो घरी गेला. तक्रारी जुन्या होत्या. नवीन काय होते, तर जाहिरातदारांचे जाणे.

एक अपवाद मी मान्य करतो. बीबीसीने 2015 मध्ये निर्मात्याला ठोसा मारणाऱ्या जेरेमी क्लार्कसनचा, म्हणजे 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाचा, करार वाढवला नाही, आणि त्याचा कार्यक्रम जगभर विकून बीबीसीला भरपूर कमाई होत होती. पण तिथे घरच्या वाहिनीवर जाहिराती नसतात, हेही लक्षात घ्या. आणि त्याच वर्षी ॲमेझॉनने त्याला दोन्ही जोडीदारांसह उचललाच.

आपल्याकडे अनु मलिक यांच्यावर 2018 मध्ये आरोप झाले, ते त्यांनी नाकारले. ते 'इंडियन आयडॉल'च्या परीक्षकपदावरून बाजूला झाले, 2019 मध्ये त्याच खुर्चीवर परतले, ओरड झाली तेव्हा पुन्हा बाजूला झाले. आरोप खरे की खोटे, हे त्या खुर्चीच्या येण्याजाण्यावरून कोणाला कळेल? किरण माने यांना जानेवारी 2022 मध्ये 'मुलगी झाली हो'मधून काढले. ते म्हणाले राजकीय पोस्टमुळे काढले, दुसरी बाजू म्हणाली सहकलाकार महिलांशी वागणुकीमुळे. खरे काय ते मला प्रेक्षक म्हणून समजले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीवर ते 'बिग बॉस मराठी'च्या घरात होते, एवढे मात्र समजले.

धंदा मलाही कळतो. वाहिनी दहा सेकंदांच्या भावाने जाहिरातीची वेळ विकते, कोणता कार्यक्रम किती लोकांनी बघितला याचे बार्कचे आकडे गुरुवारी येतात, आणि त्या आकड्यांवर पुढचा भाव ठरतो. नट परवडतो तोवर त्याचे गुण दिसतात. अशा जाहिरातींच्या करारात बदनामी झाली तर करार रद्द, असे एक कलम सहसा असते. ते कंपनीला वाचवते. खोकी भरून बसलेल्या दुकानदाराला वाचवणारे कलम मी अजून पाहिलेले नाही. मालिकेतल्या लहान कलाकारांना तर केलेल्या कामाचे पैसेही नव्वद दिवसांनी मिळतात. त्या उधारीतली माणसे अशा हकालपट्टीच्या दिवशी कुठे जातात, हे आपल्या अग्रलेखात नव्हते.

तेव्हा अभिनंदन करण्याआधी आपण वाहिनीला एवढेच विचारायचे होते. पहिली तक्रार आपल्याकडे कधी आली आणि त्यानंतर किती भाग दाखवले? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागते. ती सेटवर होती का, आणि तिने काय म्हटले? तक्रार करणाऱ्या मुलीचे काम टिकले की तिचाही 'ट्रॅक संपला'? आपल्या मनोरंजन प्रतिनिधींना मुंबईत यातले काहीच विचारता आले नाही. नटाच्या जुन्या फ्लॅटच्या फोटोंना मात्र पाऊण पान मिळाले.

पाऊण पानावरून आठवले. आमच्या रस्त्याचे सिमेंटीकरण झाल्यापासून रस्ता दुकानाच्या पायरीच्या वर गेला आहे आणि जोराचा पाऊस आला की पाणी सरळ आत येते. त्यावरचे माझे पत्र आपण जागेअभावी छापले नाही. आपल्या कार्यालयातून तसे फोनवर सांगितले, अगदी नम्रपणे. जागा कशाला पुरते ते कालच्या अंकात दिसले. ते पत्र पुन्हा सोबत जोडत आहे, फोटोंसह. दोन्हींपैकी एकच छापणार असाल तर रस्त्याचे छापा.

कळावे,
एक कूलरविक्रेता, मानेवाडा रोड, नागपूर
(नाव छापू नये. कंपनीकडे अजून येणे आहे.)