भारुडातला शब्द ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी आणि मधल्या दिवसांत गावोगावच्या जत्रा व सप्ताह. हा मराठवाड्यात भारुडाचा हंगाम. ज्याचे भारूड वर्षभर मोबाईलवर पाहिले, तो भारूडकार आपल्या गावात येणार म्हटल्यावर माणसे रानातली कामे लवकर आटोपतात, लेकराबाळांना घेऊन सतरंजीवर जागा धरतात. आणि पंधरा मिनिटांत मागून आवाज येतो, "यापेक्षा मोबाईलवर बरं ऐकू येत होतं."

ही तक्रार खरी आहे. दोष मात्र कलावंताचा नाही, मांडवातल्या व्यवस्थेचा आहे. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला खर्ज झेपत नाही. त्यामुळे ढोलकीचा घुमारा मागे पडतो आणि शब्द सुटा होऊन कानावर येतो. जत्रेत नेमके उलटे होते. वरातीला लावतात तेच बेसचे डबे भारुडालाही लावले जातात, वर 'इको' चढवला जातो, आणि क, ट, स ही अक्षरे घुमण्यात विरून जातात. नाथांच्या भारुडात वरचा अर्थ हसवतो, आतला मागाहून उमगतो. इथे वरचाच पोचत नाही.

साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवावे : इको बंद. गाणाऱ्याच्या माइकवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायचा. २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा किंचित वर घ्यायचा, त्यातच व्यंजनांची धार असते. फार चढवला तर आवाज कानाला टोचतो, म्हणून किंचितच. आणि त्याने बसायचे ते श्रोत्यांत, मिक्सर घेऊन. स्टेजच्या बगलेत डब्याच्या मागे बसलेल्या माणसाला समोर काय ऐकू येते ते कळणारच नाही. ओळ गाऊन झाली आणि निरूपण सुरू झाले की मिक्सरवरची ढोलकीच्या आवाजाची सरकपट्टी खाली, पुन्हा पद उचलले की वर. हा हात रात्रभर चालता राहिला पाहिजे.

सगळ्यात मोठी हेळसांड होते ती झीलकऱ्यांची, म्हणजे मागे उभे राहून सूर धरणाऱ्या साथीदारांची. भारूडकार सोयाबीनच्या भावावरून पीकविम्यावर येतो, तेवढ्यात झीलकरी मधेच एक भाबडा प्रश्न टाकतो, आणि हशा त्या प्रश्नावर पिकतो. तो प्रश्नच ऐकू आला नाही तर पुढचे उत्तर हवेत जाते. पण चौघा झीलकऱ्यांत मिळून एक माइक, तोही पेटीकडे वळवलेला, हे चित्र सर्रास दिसते. दोघांत एक माइक द्यावा. पेटीला वेगळा, ढोलकीला दोन्ही पुड्यांवर एकेक.

मुख्य कलावंत लुगडे नेसून गिरक्या घेतो, त्याचे दोन्ही हात मोकळे हवेत. कॉलर माइक पदराला आणि माळांना घासून खरखरतो, म्हणून कानावर अडकवायचा हेडसेट बरा. त्याच्या बॅटरीचे सेल कार्यक्रमाच्या आधी नवे घालावेत आणि एक हातातला माइक चालू अवस्थेत जवळ ठेवावा. हातातला माइक जाळीपाशी मुठीत धरला की मागची छिद्रे झाकली जातात आणि शिट्टी वाजते. डबे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवले की निम्म्या शिट्ट्या बंद होतात. एक छोटा स्पीकर कलावंताकडे तोंड करून हवाच. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस ओरडतो, आणि कार्यक्रम अर्ध्यावर असतानाच घसा बसतो.

मैदान लांब असेल तर मागे खांबांवर डबे लावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरच्या खांबाजवळ बसलेल्याला तिथल्या डब्यातून शब्द आधी आणि स्टेजवरून तोच शब्द दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. विनोद दोनदा ऐकू आला की एकदाही कळत नाही. मिक्सरवर त्या डब्यांना १०० मिलिसेकंदांचा 'डिले' दिला की दोन्ही आवाज एकत्र पोचतात.

उजेडाचे थोडक्यात : रंगीत, लुकलुकते दिवे नकोत. समोरून, थोडा वरून पांढरा किंवा पिवळसर उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे, कारण अर्धा विनोद भुवईत असतो. स्टेज तीन-साडेतीन फुटांपेक्षा उंच नको, पुढे खाली बसलेल्यांना मान मोडून पाहावे लागते. सोफ्यांची रांग बाजूला न्यावी, पाहुणे भाषणे झाली की उठून जातात आणि रिकाम्या सोफ्यांमागे म्हाताऱ्या बायका माना उंचावत बसतात. मधोमध चार फुटांची वाट सोडावी, कारण भारूडकार खाली उतरतोच.

भारूडसम्राट म्हणून ओळखले गेलेले निरंजन भाकरे २०२१ मध्ये कोरोनाने गेले. त्यांना समोर बसून पाहायचे ज्यांचे राहून गेले, त्यांच्याकडे आता फक्त चित्रफिती आहेत. जे कलावंत आज गावोगाव फिरत आहेत, त्यांच्या बाबतीत तरी असे होऊ नये, म्हणून हे एवढे तपशिलात लिहिले.

शेवटची गोष्ट वेळेची. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, प्रशासनाने सवलत दिलेल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत. सातचा कार्यक्रम सत्कारांमुळे नऊला सुरू होतो आणि भारूड रंगात आले की पोलीस येतात. थंडीत दव पडले की ढोलकीचे कातडे सैल पडते, सूर उतरतो, मग ती पुन्हा चढवून पेटीच्या सुरात आणावी लागते. शाल-नारळ द्यायचेच असतील तर त्या पाच मिनिटांत द्यावेत.

आपला,
एक भारूडप्रेमी वाचक, अंबाजोगाई