कुंडीतला संत्रा आणि खालचा खुंट

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत कुंडीत संत्रा-लिंबू लावायचा लेख आला होता, चांगला होता, आमच्या अपार्टमेंटमधल्या तीन जणांनी तर लगेच कुंड्या पण आणल्या. पण त्यात एक वाक्य होतं की बी लावून आलेल्या संत्र्याला कधीच मूळ झाडासारखी फळं येत नाहीत म्हणून कलमच आणा. आता कलम आणा हे बरोबरच आहे, पण कारण चुकलंय, आणि ज्या गोष्टीने माझी पाच वर्षं वाया गेली ती लेखात आलीच नाही म्हणून हे पत्र.

आधी बी चं सांगतो. संत्र्याची किंवा कागदी लिंबाची बी पेरली की कधी कधी एकाच बी मधून दोन-तीन रोपं निघतात, बघितलं असेल तुम्ही. त्यातलं एखादं परागीभवनाने झालेलं असतं, बाकीची सरळ आईच्याच पेशींपासून झालेली असतात, म्हणजे जवळपास आईची कॉपीच. म्हणून तर कागदी लिंबू अजूनही बी पासून सर्रास लावतात आणि ते कागदीच निघतं. पपनसाचं तसं नाही, त्याच्या एका बीत एकच रोप, ते कुणावर जाईल काही नेम नाही. मग संत्र्याला कलम कशाला? तर बी च्या झाडाला फळ यायला सहा-आठ वर्षं सहज जातात, काटे भयंकर असतात, आणि मुख्य म्हणजे आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, येतो तेव्हा खाली कुठली मुळं आहेत यावर सगळं ठरतं. म्हणून आमच्याकडे वरूड, शेंदूरजना घाटला पन्हेरीत म्हणजे रोपवाटिकेत आधी जंबेरीची (हे खडबडीत सालीचं आंबट लिंबू) नाहीतर रंगपूर लिंबाची रोपं करतात आणि पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, सालीसकट काढून बांधतात. खालचं झाड म्हणजे खुंट.

आता माझी फजिती. २०१७ मध्ये इथल्याच एका नर्सरीतून संत्र्याचं कलम आणून अंगणात लावलं. मे महिन्यात जरा मलूल झालं, पाऊस पडल्यावर मात्र असं काही जोमात फुटलं की मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभा राहायचो. काटे जरा जास्तच होते पण म्हटलं असेल. पाचव्या वर्षी कळ्या आल्या, बाहेरून जांभळट, बायको म्हणाली सुद्धा की संत्र्याचं फूल तर पांढरंशुभ्र असतं ना, मी तिलाच गप्प केलं. हिवाळ्यात फळं पिवळी झाली, खडबडीत, जाड सालीची, आत सगळ्या बिया आणि आंबट तर असं की डोळे मिटतात. वरूडकडचा मावसभाऊ आला होता, त्याने फळाकडे बघितलंच नाही, खाली वाकला, बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली आणि म्हणाला, "भाऊ, तुमी तं खुंट वाढवला, कलम कवाच मेलं." डोळा बांधला होता तिथे नुसतं वाळलेलं बोटभर खुंटाड होतं. पाच वर्षं शेणखत आणि निंबोळी पेंड मी जंबेरीला घातली!

म्हणून कुंडी आणणाऱ्यांना सांगणं आहे की रोप घेताना वरची हिरवी पानं नंतर बघा, आधी जोड, म्हणजे डोळा बांधलेली जागा, बघा. जोड मातीपासून वीतभर तरी वर पाहिजे, लावताना तो मातीत गाडायचा नाही, आणि जोडाच्या खालून जे काही फुटेल ते कोवळं असतानाच हाताने मोडायचं. जंबेरीचा फुटवा ओळखायला सोपा आहे, कोवळा शेंडा तांबूस जांभळट असतो आणि पान चुरगळलं तर लिंबाचा वास येतो. बुंध्याला वर्षातून दोनदा बोर्डो पेस्ट लावा, घरच्यापुरतं शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं आणि बादली प्लास्टिकचीच, लोखंडाची नको.

नर्सरीवाल्यांना पण एक विनंती, पिशवीवर नुसतं 'संत्रा' लिहिण्यापेक्षा खुंट कुठला ते पण लिहा ना. पन्नास पैशाचं लेबल आहे. माझ्यासारख्याला जोड दाखवून "याच्या खालचं काढत जा" एवढं जरी सांगितलं असतं तरी झालं असतं. ज्यांना खात्रीचं पाहिजे त्यांच्यासाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमा मिळतात. डोळे कुणाच्याही झाडाचे आणू नका, ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हे रोग डोळ्याबरोबरही येतात.

जंबेरी मी तोडली नाही. भावाने ती गुडघ्याएवढी छाटायला लावली, नवीन फुटवे पेन्सिलीएवढे झाले तेव्हा नोव्हेंबरमध्ये तो डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली संत्र्याची काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. नवीन ब्लेडने सालीला इंग्रजी टी सारखा काप, साल अलगद सुटली पाहिजे, सुटत नसेल तर झाडाला दोन-चार दिवस पाणी द्यायचं आणि थांबायचं. डोळा आत सरकवला, दुधाच्या पिशवीची पट्टी कापून घट्ट बांधली. तीन डोळे त्याने बांधले, दोन मी. तीन आठवड्यांनी सोडून बघितलं तर त्याचे तिन्ही हिरवे, माझे दोन्ही काळे पडलेले. मी डोळा उलटा बसवला होता म्हणे, निदान एक तरी.

एक फांदी मात्र जंबेरीचीच ठेवलीय, बायकोच्या हट्टाने, त्या फळांचं लोणचं फार छान होतं.

आपला,
एक जुना वाचक, अमरावती