इंग्लंडात शेफील्डमध्ये राहणाऱ्या लेकाला, खिशातल्या चाकूबद्दल

चि. सोन्या,

रविवारी फोनवर तू विचारलंस की आई रोज खिशात ठेवायला चाकू कुठला घेऊ, आणि तेवढ्यात कलमं न्यायला टेम्पो दारात आला, सगळं बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून आता जेवणं उरकून निवांत लिहायला बसलेय. तू पाठवलेल्या दोन्ही लिंक बघितल्या. तो काळा, बटण दाबलं की स्प्रिंगने खटकन उघडणारा, तो डोक्यातून काढूनच टाक. तसला चाकू तिकडे नुसता घरात ठेवणं हासुद्धा 2021 पासून गुन्हा आहे. दुसरा तो लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल, देखणा आहे रे, मलाही आवडला, पण 8 नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं आणि मुठीपाशी फिरवायची लॉकची, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी रिंग, म्हणजे खिशात घेऊन फिरायला तिथे दोन्हीकडून अडचण.

तिकडचा कायदा मी तुझ्या मावसभावाला विचारून आणि स्वतः वाचून समजून घेतलाय, तूही एकदा वाच. 1988 च्या कायद्याप्रमाणे घडीचा, लॉक नसलेला आणि धार 3 इंच म्हणजे 7.62 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असलेला चाकू जवळ ठेवायला कारण सांगावं लागत नाही. लॉक असला की पातं बोटाएवढं असलं तरी तो यात बसत नाही, मग कामासाठी लागतो वगैरे योग्य कारण तुला दाखवावं लागतं. आणि "स्वतःच्या रक्षणासाठी" हे कारण तिथे चालत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण बोलता बोलता तू म्हणालास की लायब्ररीतून रात्री उशिरा येतो, जवळ असलेला बरा. ते माझ्या मनात तेव्हापासून अडकून बसलंय. त्यासाठी घेणार असशील तर घेऊच नकोस बाळा. चाकू बाहेर काढला की समोरचाही काढतो, आणि छोटासा कायदेशीर चाकू जरी कोणाला दाखवलास तरी तो तिथल्या तिथे हत्यार ठरतो. उशीर झाला तर मित्राबरोबर ये, टॅक्सी कर, पैसे मी पाठवीन. चाकू घ्यायचा तो सफरचंद कापायला, पार्सल उघडायला, दोरी तोडायला, पीक डिस्ट्रिक्टला फिरायला जाता तेव्हा ब्रेडवर चीज लावायला.

आता निवडायचा कसा. तात्यांचा चाकू आठवतो ना, कलमाच्या पेटीतला, शिंगाच्या मुठीचा? त्याच्या पात्याच्या मुळाशी इंग्रजीत शेफील्ड लिहिलेलं आहे, झिजून आता निम्मीच अक्षरं उरलीत, पण लहानपणी मी ते नाव बोटाने चाचपत वाचायचे. तुला तिथे अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा तो चाकू काढून बघितला होता, तुला सांगितलं नव्हतं. त्या गावात शेकडो वर्षं हेच काम चाललंय, चाकू करणाऱ्यांची त्यांची संस्था 1624 ची आहे, आणि हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली गंज न धरणारं पोलाद केलं तेही तिथेच. केल्हॅम आयलंडच्या म्युझियममध्ये जुन्या कारागिरांच्या छोट्या वर्कशॉप्स आहेत म्हणे, एकदा जाऊन ये. आणि तू त्या गावात बसून ऑनलाइन चाकू शोधतोयस!

माझ्या मते तू तिथलाच साधा घडीचा चाकू घे, लॅम्बफूट म्हणतात त्या पात्याचा. त्याची धार सरळ असते आणि पाठ पुढे उतरत येते, त्यामुळे टोक खुपसायच्या कामाचं नसतं, आणि लोकांसमोर काढला तरी कोणी दचकत नाही. सरळ धारेचं महत्त्व मला रोज कळतं. पावसाळ्यात कोय कलम बांधताना आंब्याचं रोप पंधरा दिवसांचं, तांबूस कोवळ्या पानांचं असतं, त्याच्या दांड्याला मधोमध चिरायचं आणि त्यावर बांधायच्या कलमाच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तास द्यायचा, एका ओढीत. धार वाकडी किंवा बोथट असली की साल चेंगरते, मग कितीही घट्ट पट्टी बांध, कलम जीव धरत नाही. तुझ्या सफरचंदाला एवढं लागणार नाही, पण सरळ धार लावायला सोपी, हे तुलाही उपयोगी पडेल.

लॉक नाही म्हणजे पातं उघडं धरून ठेवते ती पाठीची स्प्रिंग, बाकी काही नाही. म्हणून अशा चाकूने फक्त ओढून कापायचं, कधीही टोचायचं नाही, भोक पाडायचं नाही, पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा नाही. माझं उजव्या हाताचं हे बोट पूर्ण मिटत नाही ते तू लहानपणापासून बघतोयस, पण कसं झालं ते कधी नीट सांगितलं नाही. लग्नाआधीची गोष्ट, जत्रेत घेतलेला स्वस्तातला घडीचा चाकू होता, स्प्रिंग ढिली, आणि मी घाईघाईत रोपाच्या पिशव्यांना पाणी जायला भोकं पाडत होते, टोक प्लास्टिकमध्ये अडकलं, मी जोर दिला आणि पातं उलटं फिरून बोटावर मिटलं. चार टाके पडले. दुखलं त्यापेक्षा जास्त त्रास हा झाला की त्या सीझनला मला कलमं बांधता आली नाहीत. भोकंच पाडायची तर दाभण वापरायचा, चाकू नाही.

म्हणून दुकानात हातात घेऊनच बघ. नखाच्या खाचेत नख घालून उघड, शेवटी टक् असा स्पष्ट आवाज यायला हवा, मिटतानाही तसाच. उघडलं की पातं चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून बघ, अजिबात डुगडुगता कामा नये. मिटलेला उजेडासमोर धर, पातं मधोमध बसलंय का आणि मुठीच्या फटीतून उजेड तर दिसत नाही ना ते बघ. नख तुटेल इतकी कडक स्प्रिंगही नको, मग तू तो उघडणारच नाहीस. मूठ चार बोटं मावतील एवढी हवी. आणि धारेची लांबी दुकानदाराकडून मोजूनच घे.

पोलाद स्टेनलेसच घे. कार्बन स्टीलला धार छान लागते हे खरं, तात्यांचा तोच आहे, पण आंब्याचा चीक लागला की काळा पडतो आणि पावसाळ्यात एक रात्र ओला राहिला तर सकाळी तांबेरा, मी दर संध्याकाळी पुसून खोबरेल लावते म्हणून टिकलाय. तू लावणार नाहीस, मला माहीत आहे. आणि हो, सांध्यात खोबरेल घालूच नकोस, तुमच्या थंडीत ते गोठून बसेल. लाकडी कटिंग बोर्डला लावायचं खायला चालणारं मिनरल ऑइल मिळतं, त्याचा एक थेंब पुरे.

कात्री हवीच असेल तर स्विस व्हिक्टोरिनॉक्सचा क्लाइंबर बघ, मिटलेला 91 मिलिमीटरचा, त्याला कात्री आहे आणि मोठ्या पात्यालाही लॉक नाही. दोन पाती असतात, एक खायच्या वस्तूंना ठेव, दुसरं पार्सलच्या टेपला. टेपचा गोंद लागलेल्या पात्याने फळ कापू नये. पण मन माझं शेफील्डच्याच बाजूने आहे.

धारेला मशीन वगैरे काही घेऊ नकोस. निसणा, म्हणजे धारेचा दगड, नसला तर चहाचा चिनी मातीचा मग उलटा ठेव, बुडाला चकाकी नसलेली खरखरीत कड असते, पातं साधारण 15 ते 20 अंशांवर धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा हलक्या हाताने फिरव. मग वर्तमानपत्राचा कागद कापून बघ, न अडता कापला गेला की झालं. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो.

डिसेंबरात घरी येताना चाकू चेक-इन बॅगेत टाक, केबिन बॅगेत राहिला तर सिक्युरिटीवाले काढून घेतील. आणि कोणाला द्यायचा झाला तर मिटून, खाली ठेवून दे. माझी आजी कधी कोणाच्या हातात सुरी द्यायची नाही, भांडण होतं म्हणायची.

शनिवारी दुकानात गेलास की मला व्हिडिओ कॉल कर, तिकडची दुपार म्हणजे इथे संध्याकाळ, मी मोकळीच असते. दोन-तीन चाकू उघडमीट करून फोनजवळ आवाज ऐकव. बाबा म्हणतायत फोनवर काय कळणार, पण मला कळेल.

तुझी
आई